तिसऱ्या खांबाचं पाणी

९ जुलै

आर्ने,

हे पत्र तुझ्या हातात पडायला आठ-दहा दिवस लागतील असं टपाल कचेरीतली बाई म्हणाली. अलास्कात तुमच्या त्या मासेमारीच्या तळावर आठवड्यातून एकदाच विमान उतरतं म्हणे. म्हणजे आज मी नदीबद्दल जे लिहीन ते तू वाचशील तेव्हा शिळं झालेलं असेल. तरी लिहिते. दुसरं काय लिहावं ते मला सुचत नाही, आणि नदीबद्दलचं पत्र तू न वाचता चुलीत टाकणार नाहीस अशी आशा आहे.

आपली टॅमरॅक नदी यंदा लवकर उतरली. डोंगरावर बर्फ कमीच होता, तो मे महिन्यातच वाहून गेला. शाळेमागच्या वळणावर जिथे आपण कमरेपर्यंत भिजायचो तिथे आता गुडघे भिजतात. दगडांवर शेवाळ धरलंय. पहाटेपासून दहापर्यंत ट्राउट मासे वर येतात, पाण्यावर फिकट किडे असतात तेवढ्यापुरते, मग खोल डोहात जाऊन बसतात. दुकानात येणारे विचारतात, गळाला कुठली नकली माशी बांधू? मी सांगते, दहाच्या आत बारीक पिवळी आणि दहानंतर घरी जाऊन झोपा. लोकांना वाटतं मी गंमत करते.

आज दुपारी बारा वाजता दुकानाच्या फळ्यावर पाण्याचं तापमान लिहिलं, सहासष्ट फॅरनहाइट. बाबांच्या वह्यांत नऊ जुलैला साठच्या वर आकडा कधीच नाही. मी आज तीसही वह्या काढून पाहिल्या. का पाहिल्या, मला माहीत नाही.

गाईडांचा कारभार बघणारे होबार्ट रोज येतात. ऐंशी पूर्ण झाली त्यांना. ओसरीवर बाबांच्या खुर्चीत बसून आपलीच कॉफी पितात आणि तिलाच नावं ठेवतात. आज म्हणाले, "तुझ्या भावाचं पत्र आलं."

"कुठे? टपालवाला तर आला नाही अजून."

"मला आलं, पोरी. तुला नाही. बघ म्हणजे, थडग्यात एक पाय असलेल्या माणसाला पत्रं येतात आणि तुला येत नाहीत. आधी कॉफी करायला शीक."

त्यांच्याकडूनच कळलं की तू खोऱ्यातल्या मासेमारीच्या गाईडांकडे अर्ज केला आहेस. पुढच्या उन्हाळ्यापासून पुन्हा होडी लावू द्यावी म्हणून. नऊ ऑगस्टला अग्निशामक दलाच्या शेडमध्ये बैठक आहे, तिथे मत घेणार आहेत.

मी त्यांना पत्र दाखवा म्हटलं नाही. हे खरं नाही. दोनदा म्हटलं. त्यांनी दिलं नाही.

सिग्ने

१९ जुलै

आर्ने,

परवापासून घुबडबंदी लागू झाली. पाणी तापलंय म्हणून दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकायचा नाही. लहानपणी तू मला सांगितलं होतंस की दोननंतर गळ टाकला तर घुबड येऊन डोळे फोडतं. मी नऊ वर्षांची होईपर्यंत ते खरं मानत होते. जुने लाकूडतोडे उन्हाळ्यात पहाटे घुबडं बोलत असतानाच कामाला लागायचे आणि ऊन चढायच्या आत थांबायचे, म्हणून ते नाव, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

नाकतोडे यंदा भरपूर आहेत. काठच्या गवतातून चाललं की पायांवर आदळतात. नाकतोड्याच्या आकाराच्या नकली माश्या मी दीडशे बांधून ठेवल्या आणि खपल्या वीस. कोण घेणार? नाकतोडे भर उन्हात उडतात, आणि तेव्हाच नदी बंद.

काल गाईडांमधला ड्वेन आला होता. माश्यांचा डबा उलटापालटा केला, काही घेतलं नाही.

"आर्ने परत येतोय म्हणे."

"अर्ज केलाय त्याने."

"त्याला म्हणावं, येताना तिकडचा बर्फ घेऊन ये. दोन ट्रक. माशांना मूठमाती द्यायच्या आधी गार ठेवायला बरा."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. ती हसली. मी गल्ल्यापाशी उभी होते. मी काही बोलले नाही, आर्ने. मी कधीच काही बोलत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

तुला सगळं आठवतच असणार, तरी मला एकदा ओळीने लिहू दे. मी हे वहीत पुष्कळदा लिहिलंय, पण वही कुणाला पाठवायची नसते. दोन वर्षांपूर्वी, सव्वीस जुलैला, तू सहा पाहुण्यांना घेऊन दोन होड्यांनी खालच्या पात्रात गेलास. बाकीचे सगळे वर, खिंडीकडे होते. फळ्यावर मी बारा वाजता चौसष्ट लिहिलं होतं. बाबांनी घालून दिलेली रीत सगळ्या खोऱ्याची आहे. फळ्यावर अडुसष्ट दिसलं की होड्या काठाला, त्याच्या आत असेल तर खुशाल फिरा. चौसष्टला ट्राउट धरून परत सोडला तर तो पोहत जातो. तुम्ही संध्याकाळपर्यंत मासे धरले आणि रीतीप्रमाणे परत सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाखालच्या भोवऱ्यात ते पोट वर करून फिरत होते. ड्वेनने बादलीने काढून होड्यांच्या उतारावर एका ओळीत मांडले. एकतीस. सगळं गाव येऊन बघून गेलं.

लोक म्हणाले, पाणी गार होतं, मग मासे मेले कशाने? हात न भिजवता धरले असणार, फोटोसाठी हवेत ठेवले असणार. कोरडा हात लागला की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो हे इथल्या पाच वर्षांच्या पोराला कळतं. तू त्या ओळीसमोर उभा होतास. टोपी हातात. तूही काही बोलला नाहीस.

उरलेलं पुढच्या पत्रात लिहीन. आज नको. धुरामुळे डोकं दुखतंय, असं म्हणते, पण धूर अजून फारसा आलेला नाही.

सिग्ने

२८ जुलै

आर्ने,

आता धूर खरंच आलाय. पश्चिमेकडच्या रांगेत वणवा लागला आहे, सूर्य तांब्याच्या झाकणासारखा दिसतो. खिडक्या बंद ठेवून दुकानात बसते. धुरामुळे ऊन कमी लागतं आणि पाणी एखाद्या अंशाने उतरतं, एवढाच काय तो फायदा. दुपारी बाराला एकाहत्तर. आठवडाभर मी गिऱ्हाइकांना परत पाठवतेय. दमले आहे. उभं राहून काही न करण्याचा एक वेगळा थकवा असतो.

आता सांगते.

मासे मेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुलावर गेले. तिसऱ्या खांबाला बाबांनी ठोकलेली लोखंडी कडी आहे, तिच्यातून चार फूट दोरी सोडून थर्मामीटर बुडवायचा, पाच मिनिटं थांबायचं. मी तसंच केलं. चौसष्ट. मग, कशासाठी ते आजही सांगता येत नाही, मी खाली उतरून बूट काढले आणि थर्मामीटर घेऊन मधल्या धारेत चालत गेले. वीस पावलं. त्र्याहत्तर.

मला वाटलं काच बिघडली. दुकानातून दुसरा आणला. खांबाशी चौसष्ट, धारेत त्र्याहत्तर. तिसरा आणला. तेच.

त्याच्या आदल्या वर्षी मोठा पूर आला होता, आठवतो ना? त्याने धार पलीकडच्या काठाकडे सरकवली. तिसरा खांब अलीकडे एका शांत डबक्यात राहिला आणि तिथे काठातून गार झरा पाझरतो. गुडघ्याएवढ्या खोलीत पाय टाकला की बोटं बधिर होतात. दोन उन्हाळे मी नदीचं नाही, झऱ्याचं तापमान फळ्यावर लिहीत होते.

तू म्हणशील, धार सरकलेली तुला दिसत नव्हती? दिसत होती. जागा बदलावी असं मनात येऊनही गेलं होतं. पण तीस वर्षांच्या नोंदी एका जागेच्या आहेत, जागा बदलली तर एकाशी दुसरी ताडून बघता येणार नाही. कॉलेजात मला हेच शिकवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. मी बाबांची वही जपली आणि नदीकडे पाहिलं नाही.

त्र्याहत्तरच्या पाण्यात मासा कसाही धरला, कितीही हळू सोडला, तरी तो मरतो. तुझ्या पाहुण्यांचे हात ओले होते की कोरडे, याने काही फरक पडला नसता.

हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तू पाचव्या दिवशी गेलास. मधल्या दोन दिवसांत आपण एका टेबलावर चार वेळा जेवलो. निघताना गाडीचं दार उघडं ठेवून तू विचारलंस, "काही सांगायचंय का तुला?" मी तुला कॉफीचा थर्मास दिला.

तेव्हापासून मी काय करते तेही सांगते, म्हणजे तुला हवं तर पोटभर चिडता येईल. रोज बाराला लोकांसमोर तिसऱ्या खांबाला दोरी सोडते. त्याआधी अकराला, कुणी नसताना, धारेत जाऊन खरा आकडा घेऊन येते. फळ्यावर खरा लिहिते. म्हणजे गेल्या दोन वर्षांत माझ्यामुळे मासा मेलेला नाही. पण लोक म्हणतात, आर्ने गेल्यापासून नदी तापत चालली. परवा होबार्टही म्हणाले. मी मान हलवली.

आपल्या दुकानात माश्या, काठ्या, दोऱ्या सगळं मिळतं, पण या खोऱ्यात आपल्याला किंमत आहे ती फळ्याची. दोनशे मैलांवरून लोक फोन करून आकडा विचारतात आणि त्यावर गाडी काढतात. तो आकडा दोन उन्हाळे खोटा होता हे मी सांगितलं, तर दाराशी फक्त एक काळी पाटी उरेल. हे कारण म्हणून लिहीत नाही. पण दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले.

बैठकीला बारा दिवस आहेत. हे पत्र त्याआधी तुला मिळेल की नाही कोण जाणे. मी बोलेन असं लिहिलं तर ते वचन होईल, म्हणून लिहीत नाही.

सिग्ने

१० ऑगस्ट

आर्ने,

मी बोलले.

शेडमध्ये बंबाची गाडी बाहेर काढून घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. होबार्टच्या सुनेने हकलबेरीच्या जांभळ्या रानफळांचे केक आणले होते, ते आधी खाल्ले सगळ्यांनी. जांभळ्या ओठांची माणसं तुझ्याबद्दल मत द्यायला बसली. मी दोन वह्या घेऊन गेले होते. एक फळ्याची आणि एक अकरा वाजताची.

होबार्टनी तुझा अर्ज वाचला. त्यात तू एकही सबब दिली नव्हतीस. मग ड्वेन उठला आणि म्हणाला, "मला त्याच्याशी वैर नाही, पण ज्याला मासा धरता येत नाही त्याने लोकांना मासे धरायला नेऊ नये." मग मी उठले.

किती वेळ बोलले माहीत नाही. कडीबद्दल सांगितलं, पुराबद्दल, झऱ्याबद्दल, तीन थर्मामीटरांबद्दल. शेवटी वहीतूनच वाचलं. मग ड्वेन म्हणाला, "थांब. हे तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"त्याच आठवड्यात?"

"हो."

"आणि मी ते मासे ओळीत मांडले तेव्हापासून आजवर तू..."

"हो, ड्वेन."

तो बसला. मग म्हणाला, "आमच्या म्हातारीला ऐकू येत नाही, तिलाही तुझ्या फळ्याचा आकडा पाठ असायचा. मी रोज तिला लिहून दाखवायचो." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

हात वर झाले. सगळे. ड्वेनचाही, सगळ्यांत शेवटी, खांद्यापर्यंतच. तुला पुढच्या उन्हाळ्यापासून होडी लावता येईल. होबार्ट तुला रीतसर कळवतील.

आज सकाळी उतारावर प्रत्येक गाईडच्या खिशाला स्वतःचा थर्मामीटर लटकत होता. फळ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी बाराला आकडा लिहिला, एकला पुसला. दोनशे मैलांवरून एकही फोन नाही. होबार्ट आले, बाबांच्या खुर्चीत बसले, कॉफी प्यायले आणि तिला नावं ठेवली नाहीत. तेच जास्त लागलं.

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. मी रात्रीचं जेवण न करताच झोपले आणि सकाळी उठले तरी दमलेलीच होते.

सिग्ने

२४ ऑगस्ट

आर्ने,

तुझं पत्र वीस तारखेला आलं. दोन वर्षांतलं पहिलं. अठ्ठावीस जुलैच्या पत्राचं उत्तर, बैठकीचं तुला कळायच्या आधी लिहिलेलं. मी ते चार दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. आता मला ते पाठ झालंय, तरी इथे उतरवते. मी त्यात काही बदललं नाही, हे तुला दिसावं म्हणून.

"सिग्ने, तू चौसष्ट लिहिलंस हे खरं. पण त्या दुपारी आमच्यापैकी कुणीही कोरड्या हाताने मासा धरला नाही. बाबांनी शिकवलं तसं प्रत्येक माशाआधी मी हात पाण्यात घालायचो, पाहुण्यांना घालायला लावायचो. निदान चाळीस वेळा. सव्वीस वर्षं मी त्या पाण्यात हात घालतोय. पाणी तापलेलं आहे हे मला पहिल्याच माशाला कळलं. पाहुण्यांचा शेवटचा दिवस होता, त्यांना मासे लागत होते, आणि फळ्यावर चौसष्ट होतं. मी स्वतःला म्हटलं, सिग्ने चुकत नाही. तुझ्या आकड्याची मला गरज होती म्हणून मी तो मानला. मी गप्प राहिलो ते तुझ्यासाठी, असं समजू नकोस. पाणी गरम होतं म्हणालो असतो तर लोकांनी विचारलं असतं, मग थांबला का नाहीस. हे बैठकीत वाचून दाखव. मत घेण्याआधी."

मत घेऊन झालं होतं. सगळे हात वर होऊन गेले होते.

चार दिवस मी काय विचार केला ते खरं खरं सांगते. पहिल्या दिवशी मला राग आला. दोन वर्षं मी जे एकटीने वाहिलं त्यातलं अर्धं तुझं होतं आणि तू ते घेऊन अलास्काला निघून गेलास. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी वाटलं, पत्र उशिरा आलं असं समजावं. टपाल उशिरा येतंच. कुणी विचारणार नाही, तू पुढच्या जूनमध्ये येशील, होडी लावशील. हे मी पूर्वीही केलंय, मला ते जमतं. चौथ्या दिवशी मी ते होबार्टना वाचून दाखवलं.

ते पुष्कळ वेळ आपल्या हाताकडे बघत बसले.

"मी त्या दिवशी पुलाच्या खालच्या अंगालाच होतो," म्हणाले. "गिरणीच्या वळणावर. एकटाच. दोन धरले, सोडले. मग वाटलं, पाणी अंघोळीचं झालंय, आणि घरी गेलो."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? फळ्यावर चौसष्ट होतं. म्हटलं, म्हातारा झालास होबार्ट, आता हातालाही कळेनासं झालं." मग म्हणाले, "वाच, पोरी. त्याने वाच म्हटलंय ना."

आज सकाळी सातला मी उतारावर गेले. गाईड होड्या पाण्यात ढकलत होते. रात्री गारठा पडला होता, नदीवर वाफ होती. मी म्हटलं, आर्नेचं पत्र आहे, त्याने ते मत घेण्याआधी वाचायला सांगितलं होतं, ते मला उशिरा मिळालं आणि वाचायला मी आणखी चार दिवस लावले. आणि वाचलं. होबार्ट काठी टेकत आले होते, त्यांनीही आपलं सांगितलं.

पुन्हा मत घ्या असं कुणी म्हणालं नाही. घेऊ नका असंही नाही. एक-दोघे आपापल्या होडीची दोरी सोडवत राहिले, ती आधीच सुटलेली होती. ड्वेन वाकला, बाही सारली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घालून तसाच राहिला. मग उठून पँटला पुसला.

"किती असेल गं?" त्याने मला विचारलं.

"थर्मामीटर तुझ्या खिशात आहे."

"माहितेय मला. तुला विचारतोय."

मी हात घातला. म्हटलं, साठ. त्याने थर्मामीटर बुडवून पाहिला. छप्पन्न.

"तुझ्या भावाला बोलव," तो म्हणाला, "कुणाचा तरी हात चालायला हवा या घरात." आणि होडीत बसल्यावर, मधल्या धारेतून ओरडून, "बर्फ नाही आणला तरी चालेल म्हणावं!"

दुकानात येऊन मी फळा पुसला आणि छप्पन्न लिहिलं. खाली "मधल्या धारेत, सकाळी सातला" असंही लिहिलं. एवढं पूर्वी कधी लिहावं लागत नव्हतं. नऊच्या सुमाराला फोन वाजला. कुणीतरी लांबून विचारत होतं, पाणी कसं आहे. मी सांगितलं. तो म्हणाला, नक्की का? मी म्हटलं, येताना स्वतःचा थर्मामीटर घेऊन या आणि आधी हात घालून बघा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुमचा तळ बंद होतो ना? तेव्हा इथे पाणी पन्नाशीत असतं आणि गर्दी उतरलेली असते. जूनपर्यंत थांबायची गरज नाही. तुझी होडी मागच्या शेडमध्ये उलटी ठेवलेली आहे. मी दोन वर्षं तिच्याकडे पाहिलं नव्हतं, आज पाहिलं. तळाला एक फट पडली आहे. ती मला बुजवता येणार नाही.

सिग्ने